कापसाखालची बंदूक

माझ्या नोकरीची बरीच वर्षं बंदुकांच्या संगतीत गेली, असं सांगितलं की नव्याने ओळख झालेल्या बायका आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग खुर्ची जरा मागे घेतात. मी पोलिसात नव्हते, सैन्यात तर नाहीच. जिल्ह्याच्या कार्यालयात गृह शाखा नावाची एक अंधारी खोली होती, त्या खोलीत शस्त्र परवान्यांचं टेबल होतं आणि त्या टेबलामागे मी होते. आजवर एकही बार उडवलेला नाही. आमचे हे शाळामास्तर. ते म्हणायचे, "तुला परवान्याची गरज काय, तुझं तोंड आहे की." घरातच एवढा मान मिळाल्यावर बाहेर कुणाची भीती वाटत नाही.

हे टेबल माझ्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाला ते नको होतं. परवाना मागणाऱ्यांच्या मागे पुढारी असत आणि पुढाऱ्यांच्या मागे फोन असत. बाई बसवली म्हणजे लोक आवाज चढवणार नाहीत, असा आमच्या वरिष्ठांचा हिशेब होता. तो अर्धाच बरोबर निघाला. लोक आवाज चढवत नसत, मी चढवत असे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बंदुकीचा परवाना म्हणजे कमरेला पिस्तूल आणि डोळ्यांवर काळा चष्मा. तसले अर्जही यायचे. पांढरकवड्याकडचा एक ट्रकमालक आला होता. अर्जात लिहिलं होतं, जिवाला धोका आहे. मी विचारलं, कुणापासून? तो म्हणाला, "ते आता तुमीच पाहा मॅडम, माह्यावर जळनारे गंजच हायेत." जळणाऱ्यांची नावं आणा म्हटल्यावर परत आला नाही. एकदा एक म्हातारी थेट एसटीने आली. नवरा वारला, आता हे घरात नको, म्हणून गोधडीत गुंडाळलेली वस्तू तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि गोधडी सोडली. बंदुकीची नळी बरोबर माझ्या पोटाकडे! मी उठून कपाटामागे. म्हातारी म्हणाली, "भेता कायले बाई? कंडक्टरबी भेला नाही. त्यानं सामानाचं तिकीट फाडलं."

पण माझी खरी गिऱ्हाइकं म्हणजे शेतकरी. जंगलाच्या कडेला ज्यांचं शेत, त्यांना रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून, म्हणजे नीलगायींपासून, पीक राखायला परवाना मिळतो. त्यावर घ्यायची ती ठासणीची बंदूक. नळीत वरून बारूद ओतायची, चिंध्या कोंबायच्या, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं आणि मागे तांब्याची बारकी टोपी बसवायची. एवढा स्वयंपाक होईपर्यंत डुक्कर काही थांबून राहत नाही, म्हणून शेतकरी ती आधीच भरून ठेवतो. बार झाला की आवाज मोठा, धूर त्याहून मोठा. डुकराचा कळप दचकून शेजारच्या शेतात जातो, आणि मग शेजारचा शेतकरी माझ्याकडे अर्ज घेऊन येतो.

परवाना द्यायला जेवढे कागद लागतात, त्याहून रद्द करायला जास्त लागतात. ठाण्याचा अहवाल येतो, मग 'कारणे दाखवा' नोटीस जाते, खुलासा येतो, मग साहेबांचा आदेश. आदेश मान्य नसेल तर अमरावतीला आयुक्तांकडे अपील. तिथून पुष्कळदा प्रकरण 'पुन्हा बघा' म्हणून आमच्याकडे परत येतं. हे पुन्हा बघणं म्हणजे आमच्या कामातला सर्वांत नकोसा भाग. एकदा हातावेगळी केलेली फाइल पुन्हा समोर आली की पाहुणे निघून गेले म्हणून भांडी घासावीत आणि एसटी चुकली म्हणून तेच पाहुणे दारात उभे राहावेत, तसं वाटतं.

वामनराव भोयरांची फाइल अशीच परत आली. दारव्ह्याच्या पुढे, जंगलाला टेकलेलं त्यांचं गाव.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेला, खरेदी केंद्रं उघडायला उशीर, उघडली तरी दारात कापसाने भरलेल्या बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगा. भाव येईल येईल म्हणून लोक कापूस घरातच ठेवायचे. वऱ्हाडातल्या घरात कापूस ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. एक खोली रिकामी करायची आणि जमिनीपासून आढ्यापर्यंत कापूस भरायचा. एक खोली पुरली नाही की दुसरी. शेवटी कापूस घरात आणि माणसं ओसरीत. उन्हाळा लागला की त्या कापसातून बारीक किडे निघतात आणि सगळं घर खाजवत बसतं.

त्या हिवाळ्यात निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायची, हा आमच्याकडचा रिवाज. ठाण्यात चिठ्ठ्या बांधलेल्या बंदुका भिंतीला टेकून उभ्या असतात आणि मतमोजणी झाली की आपापल्या घरी जातात. सगळ्यांच्या आल्या, वामनरावांची आली नाही. नोटीस गेली. खुलासा आला तो एका ओळीचा: बंदूक कापसाखाली आहे, कापूस विकला की जमा करतो.

आमची अख्खी शाखा त्या ओळीवर दोन दिवस हसली. हरवली, मोडली, पाहुण्याने नेली, असे खुलासे आम्ही पाहिले होते. कापसाखाली हा नवा होता. ठाण्यातून पठाण जमादार जाऊन आले. खोली दारापर्यंत गच्च भरलेली. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून पाहिला, हाताला खाज तेवढी लागली. त्यांनी बंदूक दाखवण्यास टाळाटाळ असा अहवाल दिला आणि ठाण्याने त्याखाली आणखी एक ओळ जोडली. ही ओळ त्या दिवसांत शेतकऱ्याच्या कुठल्याही अहवालाला जोडली जायची: सध्याची परिस्थिती पाहता परवानाधारकाच्या मनःस्थितीची खात्री देता येत नाही. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात कशासाठी येत होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या काही झालं तर आपण आधीच लिहिलं होतं, एवढाच त्या ओळीचा उपयोग. परवाना रद्द झाला आणि दोन्ही कारणं आदेशात आली.

मग एके दिवशी वामनराव स्वतः आले. उंच, वाळके, गळ्यात दुपट्टा, हातात आदेशाची घडी. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मॅडम, मी पागल हावो का, तेवढं सांगा."

मी म्हटलं, असं कुठे लिहिलंय?

"हे काय मंग? मनःस्थिती. माहा चष्मा घरी राह्यला होता, म्हणून म्या चावडीपुढं कोतवालाले म्हटलं, वाच रे बावा. त्यानं मोठ्यानं वाचलं. सारा गाव बसेल होता तिथी."

पुढचं त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना माझ्या टेबलाभोवती निम्मी शाखा गोळा झाली. त्या दिवसापासून गावाने वामनरावांना एकटं सोडलंच नव्हतं. सकाळी टमरेल घेऊन निघाले की मागे दुसरा एक टमरेल घेऊन. विहिरीत पाणी किती उरलं म्हणून वाकून पाहिलं, तर तिघं धावत आले आणि दुपट्टा धरून मागे ओढलं. शेजारची सून रोज चहा घेऊन येते आणि कप रिकामा होईपर्यंत तोंडाकडे बघत बसते. घरातला दोर, पाण्याचा काय आणि बैलाचा काय, एकही सापडत नाही.

"बैल दोर नाही म्हणून मोकये फिरून राह्यले. त्यायची मनःस्थिती तेवढी चांगली हाय," वामनराव म्हणाले. "तालुक्याहून दोन पोट्टे आलते. म्हणे काका, मन मोकयं करा. म्या दुपारपासून दिवे लागेपर्यंत डुकरायबद्दल मोकयं केलं. मंग आलेच नाही ते."

आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. "हासा," म्हणाले. "पन मिरगात पेरनी करीन मी. बोंडं धरली की डुकरं येतीन. बंदूक नाही तं काय, थाळी वाजवू? आन् ते ओळ काढा. ते ओळ हाय तोवर मी गावात मानूस नाही, पेशंट हावो."

अपील करा म्हणून मीच त्यांना सांगितलं. त्यांनी केलं. आयुक्तांनी तात्पुरता 'जैसे थे' आदेश दिला आणि प्रत्यक्ष पाहणी करून नव्याने निर्णय घ्या म्हणून फाइल परत पाठवली. आमचे साहेब तरुण, दक्षिणेकडचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. त्यांनी फाइल वाचून मला बोलावलं. "मेश्राम मॅडम, कापसाच्या खाली बंदूक? जाऊन बघा. बंदूक काढून पंचनामा करा."

मे महिन्याचं ऊन होतं. मी, तलाठी आणि पठाण जमादार सकाळीच पोचलो. गावाच्या वेशीपासूनच जमादारांनी बाह्या खाली ओढून बटणं लावली. "मॅडम, मैं बाहर से पंचनामा लिखता," ते म्हणाले. "पिछली बार हात डाला तो आठ दिन खुजाया. बेगम ने अलग बिस्तर लगाया मेरा."

वामनरावांच्या दारात अनसूयाबाई उभ्या होत्या, त्यांच्या मंडळी. ठेंगण्या, कमरेला पदर खोचलेला. मी कामाचं सांगितलं तशा त्या खोलीच्या दारात आडव्या झाल्या.

"कापूस हालनार नाही बाई. खाली पयल्या वेच्याचा हाय, दुधावानी. वर दुसरा, त्याच्यावर फरदडीचा पिवया. उपसला का सारा मिसळ होते. मंग केंद्रावरचा गिरेडर म्हनते, हा सारा पिवयाच."

यात खोटं काही नव्हतं. कापूस तीन-चारदा वेचतात, दर वेच्याची प्रत उतरत जाते, अगदी शेवटचा तो फरदडीचा, आणि मिसळला की चांगलाही वाईटाच्या भावाने जातो. पण एवढ्यात वामनरावांनीही ओसरीतून तोंड घातलं. "आन् साहेबायनं जैसे थे म्हटलं ना? मंग कापूस हालोता येत नाही. कायदा हाय."

'जैसे थे' परवान्याचं आहे, कापसाचं नाही, हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. नवराबायको दोघंही कापूस हलवायचा नाही म्हणून एकमेकांना दुजोरा देत होते, आणि तिथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा किडा वळवळला. अहो, परवाना हवाय कुणाला? बंदूक निघाली तर यांचंच भलं, आणि हेच दोघं अडवतायत!

शेवटी मी म्हटलं, वेचे मिसळू देणार नाही, माझ्या देखरेखीत उपसू. गावातली माणसं जमलीच होती. अंगणात ताडपत्र्या, चादरी, जुनी धोतरं अंथरली. वरचा पिवळा एका ठिकाणी, मधला दुसरीकडे, दुधासारखा तिसरीकडे. अनसूयाबाईंनी हातात काठी घेतली आणि "ए, तो इकडं नाही, तिकडं!" करत एकेकाला हाकलायला सुरुवात केली. पाहणी माझी आणि हुकूम त्यांचा, असा प्रकार झाला. तासाभरात आम्ही सगळे पांढरे. तलाठ्याच्या मिशा, माझे केस, पोरांच्या पापण्या. बाहेरून लिहिणाऱ्या जमादारांवरही वाऱ्याने कापूस आला आणि ते लिहिता लिहिता मान खाजवू लागले.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मागची भिंत दिसली. भिंतीत खुंटी आणि खुंटीवर बंदूक. खुलाशातली ओळ शब्दन् शब्द खरी होती. पण ती नुसती टांगलेली नव्हती. लुगड्याच्या पट्ट्या फाडून, नळीपासून दस्त्यापर्यंत गुंडाळून, ती खुंटीला जखडून टाकलेली होती. गाठीवर गाठ, त्या गाठीवर आणखी एक. कुणी घाईत सोडवायची म्हटली तरी सुटू नये, अशी.

तलाठी पुढे झाला, तसे जमादार ओरडले, "हात मत लगाओ! भरलेली असली तर? कापसात ठिणगी पडली तर पूरा घर जाएगा!"

लोक चार पावलं मागे सरले. तेवढ्यात अनसूयाबाई म्हणाल्या, "भेऊ नका. काईच नाही तिच्यात. बारुदीत पानी ओतेल हाय."

बोलल्या आणि त्यांनी पदर तोंडावर धरला. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. एकट्या वामनरावांनी पाहिलं नाही. ते अंगणातल्या कडुलिंबाकडे बघत होते, जणू तो आजच उगवला होता.

मला तहान लागली म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. तहान लागलेली नव्हती. अनसूयाबाईंनी पाण्याचा गडवा पुढे केला आणि चुलीपाशी बसल्या. मीही बसले.

"त्यायच्या शेजारच्या वावरातले शंकरराव," त्या म्हणाल्या. "दोघं लहानपनापासून संगं. जागलीले संगं जात, एक झोपे आन् एक जागे. कार्तिकात ते गेले." कसे गेले, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. "तवापासून हे मुके झाले बाई. गावभर बोलनारा मानूस. सांजीले बसत आन् बंदूक पुसत. रोज पुसत. मले भेव वाटलं. कापूस घरात येऊन राह्यला होता, तं म्या म्हटलं, त्याच खोलीत टाका. हे वावरात गेले तवा बांधली आन् वरून कापसाची गंजी घातली. टोप्या चुलीत टाकनार होती, मंग म्हटलं बार झाला तं? तं शेनात गाडल्या." त्यांनी माझा हात धरला. "यायले नका सांगू. त्यायच्यावर म्या भरोसा नाही केला, असं वाटन त्यायले."

नाही सांगत, मी म्हटलं. सरकारी माणसाने असं वचन देऊ नये, पण दिलं.

बाहेर येते तर वामनराव जीपपाशी. मला बाजूला घेतलं. "तिनं सांगतलं ना तुमाले?"

मी केसांतला कापूस काढू लागले.

"मले मालूम हाय मॅडम. पयल्या दिवशीच समजलं. कापूस दरसाली पुढच्या खोलीत टाकतो आमी, औंदा मांगच्या खोलीत टाकाले लावला. खुंटीवर काय हाय ते मले मालूम नाही का? पन म्हटलं, तिच्या जिवाले शांती भेटते ना, राहू दे. मंग निवडनूक आली. आता सरकारले काय लिहू? बायकोनं लपोली? का माह्या बायकोले माहं भेव वाटते? म्हणून लिहिलं, कापसाखाली हाय. खरंच होतं ते." दुपट्ट्याने तोंड पुसलं. "तिले नका सांगू मले मालूम हाय म्हणून. बिचारी शरमिंदी होईन."

घ्या! दोघांनी एकमेकांपासून लपवलेली एकच गोष्ट, आणि ती सांभाळायला दिली कुणाकडे, तर गृह शाखेकडे. परतीच्या वाटेवर जमादार एका हाताने खाजवत आणि दुसऱ्या हाताने पंचनामा धरून विचारत होते, "मॅडम, वो बारूद में पानीवाली बात लिखूं क्या?" लिहा म्हटलं. ते अनसूयाबाई चारचौघांत बोलल्या होत्या, तेवढं लिहिणं भागच होतं. गाठींचं लिहायला त्यांना सुचलं नाही आणि मी सुचवलं नाही.

फेरसुनावणीला दोघंही आले. वामनराव इस्त्रीचं धोतर नेसून, अनसूयाबाई हिरव्या लुगड्यात. साहेबांनी फाइल वाचली. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. पण ते हुशार होते, त्यांचं बोट नेमकं पंचनाम्यातल्या पाण्याच्या ओळीवर थांबलं.

"बाई," त्यांनी आपल्या पुस्तकी मराठीत विचारलं, "बंदुकीच्या दारूत पाणी आहे, हे आपणांस कसे ठाऊक?"

अनसूयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वामनरावांनीही माझ्याकडेच पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या पुरवठा शाखेतलं भांडण शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"म्या ओतलं," अनसूयाबाई म्हणाल्या. मान खाली. "म्याच बांधली, म्याच कापूस टाकला. या मानसाचा काई कसूर नाही साहेब. परवाना द्या त्यायचा."

साहेबांनी वामनरावांकडे वळून विचारलं, "आपणांस हे ठाऊक होते?"

वामनरावांनी आधी इस्त्रीच्या धोतराची निरी सारखी केली. मग म्हणाले, "होतं."

अनसूयाबाईंची मान झटकन वर आली.

"होतं, तर खुलाशात का लिहिले नाही? परवाना वाचला असता."

"साहेब, परवाना गेला तं परत भेटते. घरात बायको भेऊन राह्यली, हे कागदावर लिहून गावात वाचून दाखवाले मन नाही झालं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी तिथल्या तिथे मला सांगितलं की ती मनःस्थितीची ओळ नव्या आदेशात येता कामा नये. परवान्याबद्दल मात्र ते अडखळले. त्यांची अडचण मला दिसत होती. समोरचा माणूस शहाणा आहे हे त्यांना पटलं होतं, पण दिवस वाईट होते आणि बंदूक ती बंदूक. बायकोलाच भीती वाटते, हे भर सुनावणीत उघड झालं होतं. त्यांनी दोनदा पेन उचललं आणि दोनदा ठेवलं.

"मंग माहं बी नाव लावा," अनसूयाबाई म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियम सांगितला. परवानाधारकाखेरीज बंदूक वापरणाऱ्या राखणदाराचं नाव परवान्यावर लावता येतं. बहुधा सालगड्याचं लावतात. बायकोचं लावू नये, असं कुठे लिहिलेलं नाही. माझ्या नोकरीत तोवर कुणी लावलं नव्हतं, एवढंच.

"बंदूक पेटीत राहीन, चाबी माह्यापाशी," अनसूयाबाई म्हणाल्या. आता त्या सुनावणीला आल्यासारख्या बोलत नव्हत्या, घर आवरल्यासारख्या बोलत होत्या. "बारूद माह्यापाशी. वावरात दोघं जाऊ. शंकरराव होते तवा जसे जात तसे."

साहेब म्हणाले, "पण बाई, रात्री शेतात जागणार कोण?"

"हे झोपतीन, मी जागीन. अशीबी हिवाळ्यापासून मी झोपली कुठी?"

वामनरावांनी दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं आणि ते पिळत, साहेबांकडे नाही, बायकोकडेच बघत म्हणाले, "मी बी नाही झोपलो. तू जागी हायेस हे मालूम होतं. डोये मिटून पडून राहत होतो."

अनसूयाबाई त्यांच्याकडे वळल्या. मग त्या भर कार्यालयात, साहेबांसमोर, माझ्यासमोर, दारातून डोकावणाऱ्या शिपायासमोर एकदम कडाडल्या.

"मंग बोलले काहून नाही?"

त्याचं उत्तर वामनरावांनी बहुतेक दारव्ह्याच्या गाडीत दिलं असावं. आमच्याकडे फक्त दोन्ही नावं लावून परवाना परत देण्याचं काम होतं. साहेबांनी पेन उचललं आणि ते केलं.